एक्सस्कीममध्ये पहिला इन्व्हर्टर: सोलापुरातल्या ईएनटीसीवाल्यांसाठी

हा लेख ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आहे. व्हीएलएसआय (चिप डिझाइन) विषय नुकताच लागलाय, चिप डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर कॉलेजच्या लॅबबाहेर हाताशी नाहीत, आणि घरच्या लॅपटॉपवर एकदा तरी आपल्या हाताने ट्रान्झिस्टर काढून चालवून बघायचाय, अशांनी वाचावा. इन्व्हर्टर म्हणजे इथे घरचा बॅटरीवाला नाही, शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारं दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट. सोलापुरात यासाठी क्लास शोधत फिरायची गरज नाही. सर्किट काढायचं एक्सस्कीम, ते चालवून बघायचं एनजीस्पाइस आणि स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचा १३० नॅनोमीटरचा पीडीके (तिच्या ट्रान्झिस्टरांची मॉडेलं आणि सिम्बॉल यांचा संच), तिन्ही फुकट आहेत. कंपन्यांचे बहुतेक पीडीके एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केल्याशिवाय बघायलाही मिळत नाहीत. हा मात्र गुगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुला केला.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्किमॅटिक (सर्किटची आकृती) दिसायला चित्र असलं तरी सॉफ्टवेअर त्यातलं चित्र वाचत नाही, जोडण्यांची यादी वाचतं. कोणत्या पिनला कोणतं नेट (एकमेकांना जोडलेल्या वायरांचा गट) लागलंय, एवढंच त्याला कळतं. या यादीला नेटलिस्ट म्हणतात. ज्युनियरांचे फोन येतात, "आउटपुट येईना झालंय बे," आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नेटलिस्ट उघडून बघितली का?" बहुतेक वेळा बघितलेली नसते.

टायपिंगबद्दलही आधीच सांगतो. कमांड, फाइल आणि बटणांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही ती इंग्रजीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

काय काय लागेल

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. ४ जीबीवर चालेल, पण रडतखडत.
- विंडोज १० किंवा ११, नाहीतर सरळ उबुंटू.
- डिस्कवर भरपूर मोकळी जागा. सगळी टूल्स एकत्र असलेली डॉकर इमेज (आधीच सगळं बसवून ठेवलेलं पॅकेज) बऱ्याच जीबींची आहे. मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती उतरवायला जाऊ नका. घरी नाहीतर मित्राकडे फायबर असेल तिथे रात्री लावून द्या.
- तीन बटणांचा माउस. टचपॅडवर वायर काढणं म्हणजे शिक्षा आहे.
- एक कागद आणि पेन. याचं काम दुसऱ्या पायरीत आहे.

### १. टूल्स बसवणे

सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता म्हणजे ऑस्ट्रियातल्या लिंझच्या योहानेस केपलर विद्यापीठाने तयार केलेली आयआयसी-ओएसआयसी-टूल्स ही डॉकर इमेज. एक्सस्कीम, एनजीस्पाइस, मॅजिक, केलेआउट आणि पीडीके, सगळं त्यात आधीच बसवलेलं आहे. एकेक टूल सोर्सवरून स्वतः बिल्ड करता येतं, पण पहिल्याच आठवड्यात त्या भानगडीत पडलात तर स्किमॅटिक बाजूला राहील आणि तुम्ही लायब्ररी शोधत बसाल.

विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवा, मग डॉकर डेस्कटॉप. डॉकर सुरूच होत नसेल तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. ते चालू करून परत बघा. त्यानंतर इमेजसोबतची व्हीएनसीची स्क्रिप्ट चालवली की ब्राउझरमध्ये लिनक्सचा पूर्ण डेस्कटॉप उघडतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला फाइली जपण्याचा. कंटेनरमध्ये (इमेजमधून चालू झालेल्या लिनक्समध्ये) फॉस नावाच्या फोल्डरात डिझाइन्स नावाचं फोल्डर आहे. तेवढंच तुमच्या लॅपटॉपच्या डिस्कला जोडलेलं असतं. काम तिथेच ठेवा. दुसरीकडे कुठे ठेवलंत आणि कंटेनर काढून टाकला, की फाइलीही गेल्या. दुसरा सापळा फोल्डरच्या नावाचा. नावात मोकळी जागा नको, मराठी अक्षरं नकोत. 'माझा प्रोजेक्ट फायनल नवा' असली नावं लिनक्सच्या टूलना पचत नाहीत.

लॅपटॉप फारच जुना असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम घ्या. त्यातही आत एनजीस्पाइसच आहे. पण त्याचा चेहरामोहरा वेगळा आहे, त्यामुळे खालची बटणं तिथे लागू होणार नाहीत.

### २. आधी कागदावर

सोलापुरी चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर उतरते, मग जकार्डवर चढते. स्किमॅटिकचंही तसंच आहे. त्यात कोण कुणाला जोडलंय ते ठरतं. सिलिकॉनवर कोणता पट्टा कुठून जाणार हे लेआउटचं काम, ते नंतर. त्यामुळे स्किमॅटिकमध्ये वायर लांब झाली की आखूड, याची फिकीर करू नका.

कागदावर इन्व्हर्टर काढा. वर पीमॉस, खाली एनमॉस. दोघांचे गेट एकत्र करून 'इन', दोघांचे ड्रेन एकत्र करून 'आउट'. पीमॉसचा सोर्स व्हीडीडीला (सप्लायला), एनमॉसचा व्हीएसएसला (ग्राउंडला). इथवर सगळ्यांना येतं. आता चौथा पाय काढा, बॉडी. पुस्तकातल्या आकृतीत तो बहुतेकदा गाळलेला असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चार पिनांचा ट्रान्झिस्टर समोर आला की मुलं थबकतात, किंवा त्याहून वाईट, तो पाय मोकळा सोडून पुढे जातात. एनमॉसची बॉडी व्हीएसएसला, पीमॉसची व्हीडीडीला. कारण साधं आहे. एनमॉस पी-प्रकारच्या सबस्ट्रेटमध्ये बसतो, पीमॉस एन-वेलमध्ये. सोर्स-ड्रेन आणि बॉडी यांच्यामध्ये आपोआप डायोड तयार होतो आणि तो कायम रिव्हर्स बायसमध्ये राहायला हवा. बॉडी उलटी जोडलीत तर तोच डायोड चालू होतो.

प्रत्येक नेटला कागदावरच नाव द्या: इन, आउट, व्हीडीडी, व्हीएसएस. हीच नावं शेवटपर्यंत वापरायची.

### ३. एक्सस्कीम उघडणे

डिझाइन्स फोल्डरात प्रोजेक्टसाठी एक फोल्डर करा, टर्मिनलमधून त्यात जा आणि एक्सस्कीम चालवा. पीडीके नीट लागला असेल तर स्कायवॉटरच्या उदाहरणांनी भरलेलं एक पान समोर येतं. कोरं पान आलं आणि स्काय१३० नावाची लायब्ररी कुठेच दिसत नसेल, तर दोन गोष्टी तपासा. एक, पीडीके नावाच्या व्हेरिएबलमध्ये (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) स्काय१३०ए आहे का, शेवटचा ए मोठा. याच इमेजमध्ये दुसऱ्या फाउंड्रींचे (चिप कारखान्यांचे) पीडीकेही आहेत, त्यातला एखादा निवडलेला असू शकतो. दोन, पीडीकेतली एक्सस्कीमआरसी ही फाइल वाचली जातेय का. नसेल तर ती तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करा.

फाइल मेनूतून नवं स्किमॅटिक घ्या आणि काही काढण्याआधीच 'इन्व्ह' नावाने सेव्ह करा. वळवाचा पाऊस आला की वीज जाते आणि आपल्याकडच्या निम्म्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या शोभेच्या असतात. कंट्रोल-एस ची सवय लागू द्या.

### ४. ट्रान्झिस्टर आणणे

इन्सर्ट बटण दाबा. लॅपटॉपला ते नसेल तर शिफ्ट-आय. एक खिडकी उघडेल, तिच्यातून स्काय१३०_एफडी_पीआर फोल्डरात जा. तिथून एनफेट_०१व्ही८ आणि पीफेट_०१व्ही८ ही सिम्बॉल घ्या. नावातलं ०१व्ही८ म्हणजे १.८ व्होल्टचा ट्रान्झिस्टर. याच नावात ३ जोडलेलं, तीन पिनांचं सिम्बॉलही तिथे दिसेल. त्यात बॉडी प्रॉपर्टीत लिहून द्यावी लागते. पहिल्या खेपेला ते नको, चार पिनांचंच घ्या, म्हणजे बॉडी डोळ्यासमोर राहील.

शिफ्ट न दाबता नुसतं आय दाबलंत तर निवडलेल्या सिम्बॉलच्या आत उतराल आणि सगळं स्किमॅटिक गायब झाल्यासारखं वाटेल. घाबरू नका, कंट्रोल-ई दाबून वर या. एक्सस्कीममध्ये छोटं आणि मोठं अक्षर म्हणजे वेगवेगळ्या आज्ञा असतात, त्यामुळे कॅप्स लॉक बंद आहे ना ते बघत राहा. ज्यांनी कॉलेजात केडन्स कंपनीचं व्हर्चुओसो हे चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांचा हात इथे हमखास चुकतो, कारण तिथे नुसत्या आयने सिम्बॉल येतं.

रोज लागणारी बटणं एवढीच: डब्ल्यू म्हणजे वायर, एम हलवणे, सी कॉपी, क्यू प्रॉपर्टी, यू मागे घेणे, एफ म्हणजे सगळं स्क्रीनवर बसवणे. हलवताना फिरवायचं असेल तर शिफ्ट-आर, आरशासारखं उलटायचं असेल तर शिफ्ट-एफ. आणि कशात अडकलात तर एस्केप.

### ५. मापं भरणे

एनमॉस निवडून क्यू दाबा. डब्ल्यू म्हणजे रुंदी १, एल म्हणजे लांबी ०.१५. पीमॉसला रुंदी २, लांबी तीच. या ट्रान्झिस्टरला ०.१५ मायक्रॉन ही सगळ्यात कमी लांबी आहे. १३० नॅनोमीटरचं तंत्रज्ञान म्हणून ०.१३ टाकायला जाऊ नका.

नुसता आकडा लिहा, पुढे यू लावू नका. इतर ठिकाणी १ मायक्रॉन लिहायला १यू लिहितात, पण या पीडीकेत आकडा मायक्रॉनमध्येच धरला जातो. १यू लिहिलंत की मायक्रॉनचाही दशलक्षांश भाग होतो आणि मॉडेल सापडत नाही म्हणून एरर येतो. पहिल्याच दिवशी निम्मी मुलं इथे अडकतात.

पीमॉस दुप्पट रुंद का, हे व्हायव्हात हमखास विचारतात. होलची मोबिलिटी इलेक्ट्रॉनपेक्षा कमी, म्हणून तेवढाच करंट द्यायला पीमॉस रुंद लागतो. दोन हा काही देवाने दिलेला आकडा नाही. याच पीडीकेच्या तयार सेल लायब्ररीतल्या सगळ्यात लहान इन्व्हर्टरमध्ये एनमॉस ०.६५ आणि पीमॉस १ मायक्रॉनचा आहे. तिथे जागा वाचवणं जास्त महत्त्वाचं ठरलेलं असतं.

### ६. वायर आणि पिना

माउस पिनवर न्या, डब्ल्यू दाबा, दुसऱ्या पिनवर जाऊन क्लिक करा. दोन्ही गेट जोडा, दोन्ही ड्रेन जोडा, बॉडी आपापल्या सोर्सला. मग डिव्हायसेस फोल्डरातून इनपुटसाठी आयपिन, आउटपुटसाठी ओपिन, आणि व्हीडीडी-व्हीएसएससाठी आयओपिन आणा. प्रत्येकावर क्यू दाबून लॅब या प्रॉपर्टीत नाव लिहा.

आता जरा थांबा, कारण सगळ्यात फसवी जागा हीच आहे. वायरचं टोक पिनच्या अगदी जवळ असतं, डोळ्यांना चिकटलेलं दिसतं, पण प्रत्यक्षात जोडलेलं नसतं. हे होतं बहुधा जी या बटणामुळे. चुकून जी दाबलं गेलं की ग्रिडवर बसण्याचं अंतर निम्मं होतं. पुन्हा दाबलं की पाव. मग नवी सिम्बॉल अर्ध्या-पाव घरात जाऊन बसतात आणि वायर त्यांच्या पिनवर नेमकी पडत नाही. शिफ्ट-जी ने अंतर दुप्पट होतं. मूळ अंतर १० आहे, तेवढं करून घ्या आणि आडमुठं सिम्बॉल हलवून परत बसवा.

तपासायला के हे बटण आहे. एखादी वायर निवडून के दाबा, ते पूर्ण नेट रंगीत होतं. इनच्या वायरवर दाबलं तर दोन्ही गेटपर्यंत रंग जायला हवा. आउटवर दाबलं तर दोन्ही ड्रेनपर्यंत. व्हीडीडीवर दाबलं तर पीमॉसच्या सोर्सला आणि बॉडीला, दोन्हीकडे. रंग मध्येच तुटला तर तिथेच गोम आहे. शिफ्ट-के ने सगळे रंग उतरतात.

नावांच्या बाबतीत एकच शिस्त ठेवा, सगळी छोटी अक्षरं किंवा सगळी मोठी. एक्सस्कीम मोठ्या अक्षरातलं व्हीडीडी आणि छोट्या अक्षरातलं व्हीडीडी वेगळं मानतं, एनजीस्पाइस दोन्ही एकच धरतं. म्हणजे स्किमॅटिकमध्ये वेगळी दिसणारी दोन नेटं सिम्युलेशनमध्ये गुपचूप एक होतात. असली चूक शोधताना डोकं फिरतं.

### ७. सिम्बॉल आणि टेस्टबेंच

सेव्ह करा आणि ए दाबा. एक्सस्कीम विचारेल, हो म्हणा. पिनांवरून सिम्बॉल आपोआप तयार होतं. पुढे पिना वाढवल्यात किंवा नावं बदललीत तर हे परत करावं लागतं.

आता टेस्टबेंचसाठी, म्हणजे इन्व्हर्टरला सप्लाय आणि इनपुट देऊन तपासायला, दुसरं कोरं स्किमॅटिक घ्या, 'टीबी_इन्व्ह' नावाने सेव्ह करा. मूळ इन्व्हर्टरच्या पानातच बॅटऱ्या टाकू नका, नाहीतर तो इन्व्हर्टर दुसरीकडे कुठेच वापरता येणार नाही. टेस्टबेंचमध्ये या गोष्टी लागतात:

तुमचं इन्व्हर्टरचं सिम्बॉल. दोन व्हीसोर्स, एक सप्लायसाठी, त्याची व्हॅल्यू १.८, दुसरा इनपुटसाठी, त्याचं नाव 'व्हीइन' ठेवा. ग्राउंडचं सिम्बॉल. आउटपुटवर ग्राउंडकडे जाणारा छोटा कपॅसिटर, १० फेम्टोफॅरडचा. नेटांना नावं द्यायला लॅब_पिन. आणि स्काय१३०च्या फोल्डरातलं कॉर्नर हे सिम्बॉल. ते कशालाच जोडायचं नसतं, पानावर कुठेही ठेवा. मॉडेलची फाइल तेच आणतं. ते राहिलं तर एनजीस्पाइस 'अननोन सबसर्किट' म्हणून थांबतं.

सप्लायबद्दल जपून. ब्रेडबोर्डवर ७४०४ ही इन्व्हर्टरची चिप लावून ५ व्होल्टची सवय झालेली असते, आणि इथेही बोट ५ कडेच जातं. सिम्युलेटर काही ओरडणार नाही, मुकाट्याने काहीतरी आलेख काढून देईल. पण हा १.८ व्होल्टचा ट्रान्झिस्टर आहे.

दुसरं, व्हीएसएस हे नुसतं नाव आहे. तुम्ही ग्राउंडच्या सिम्बॉलला जोडल्याशिवाय ते शून्य होत नाही. हे राहिलं की 'सिंग्युलर मॅट्रिक्स' नावाचा एरर भेटीला येतो. नावावरून वाटतं गणिताच्या सरांना विचारावं, पण बहुतेक वेळा कुठलंतरी नेट अधांतरी असतं, एवढंच.

### ८. सिम्युलेशनच्या आज्ञा

डिव्हायसेसमधून कोड_शोन हे सिम्बॉल आणा. क्यू दाबून त्याच्या व्हॅल्यूमध्ये, दोन अवतरण चिन्हांच्या आत आज्ञा लिहायच्या.

आधी डीसी स्वीप: डॉट डीसी, मग व्हीइन, मग ०, १.८ आणि ०.०१. म्हणजे इनपुट शून्यापासून १.८ पर्यंत ०.०१ च्या पायरीने चढवायचं. इथे व्हीइन हे सोर्सचं नाव आहे, नेटचं नाही. इन लिहिलंत तर चालणार नाही. त्याखाली डॉट कंट्रोल, रन, प्लॉट व्ही कंसात इन, व्ही कंसात आउट, आणि डॉट एंडसी, प्रत्येक आज्ञा नव्या ओळीवर. प्लॉटमध्ये मात्र नेटची नावं.

व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेल्या किंवा वर्डमधल्या आज्ञा तशाच चिकटवू नका. त्यात अवतरण चिन्हं वळणदार होऊन येतात आणि एक्सस्कीमला ती ओळखू येत नाहीत. हाताने टाइप करा, पाच ओळी तर आहेत.

स्पाइसची एककं १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहेत आणि त्यांच्या खोडीही. बर्कलेत स्पाइस तयार झालं तेव्हापासून लहान-मोठ्या अक्षरांत फरक नाही, म्हणून एम म्हणजे कायम मिली. मेगा हवं असेल तर एमईजी लिहायचं. एफ म्हणजे फेम्टो, त्यामुळे कुणी १एफ लिहून एक फॅरड मिळेल म्हणत असेल तर त्याला हजार लाख कोटी पटींनी कमी मिळेल.

### ९. नेटलिस्ट वाचणे, मगच सिम्युलेट

वर उजवीकडे नेटलिस्ट आणि सिम्युलेट अशी बटणं आहेत. नेटलिस्ट दाबा, आणि लगेच सिम्युलेट दाबू नका. सिम्युलेशन मेनूतून नेटलिस्ट एडिटरमध्ये उघडा. इन्व्हर्टरच्या भागात ट्रान्झिस्टरच्या दोन ओळी सापडतील. ओळीच्या सुरुवातीला ट्रान्झिस्टरचं नाव, मग चार नेटं या क्रमाने: ड्रेन, गेट, सोर्स, बॉडी. नंतर मॉडेलचं नाव आणि मापं.

म्हणजे एनमॉसच्या ओळीत आउट, इन, व्हीएसएस, व्हीएसएस असं दिसायला हवं. पीमॉसच्या ओळीत आउट, इन, व्हीडीडी, व्हीडीडी. यापैकी एखाद्या जागी 'नेट१' सारखं सॉफ्टवेअरने स्वतः ठेवलेलं नाव दिसलं, की समजा तो पाय तुमच्या नेटला लागलेलाच नाही. के दाबून रंग बघणं चांगलं, पण दोन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात आणि इथे डोळा फसत नाही.

सगळं बरोबर असेल तर सिम्युलेट दाबा. स्कायवॉटरची मॉडेलं वजनदार आहेत, जुन्या लॅपटॉपवर ती वाचायला बराच वेळ जातो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसला असाल तर आणखी जास्त, लॅपटॉप तापला की स्वतःच मंद होतो. काहीच होत नाही म्हणून परत परत बटण दाबू नका, तेवढ्या एनजीस्पाइसच्या खिडक्या उघडतील.

### १०. आलेख काय सांगतो

इनपुट शून्य असताना आउट १.८ वर, मग इनपुट मध्याच्या आसपास आलं की आउट धाडकन खाली, शेवटी शून्य. असं आलं तर इन्व्हर्टर झाला. वेगळं आलं तर:

- आउट इनच्याच मागे मागे चढतंय आणि पूर्ण शून्य किंवा पूर्ण १.८ पर्यंत पोचत नाही: पीमॉस आणि एनमॉसच्या जागा बदलल्यात.
- आउट सतत शून्य: व्हीडीडी पोचत नाही. टेस्टबेंचमधलं नाव तपासा.
- आउट सतत १.८: इनपुटचा सोर्स गेटपर्यंत पोचत नाही, किंवा स्वीप भलत्याच सोर्सचा चाललाय.

डीसी जमलं की ट्रान्झियंट करा, म्हणजे वेळेनुसार आउट कसं बदलतं ते बघा. इनपुट सोर्सच्या व्हॅल्यूत पल्स लिहा, कंसात ०, १.८, १एन, ५०पी, ५०पी, ४एन, ८एन. अर्थ क्रमाने: खालची पातळी, वरची पातळी, उशीर, चढायचा वेळ, उतरायचा वेळ, वर राहण्याचा वेळ, पूर्ण आवर्तन. मग डीसीच्या ओळीऐवजी डॉट ट्रॅन १०पी २०एन. आलेख सपाट आला तर कुठेतरी एन राहिलाय. नुसतं ४ म्हणजे चार सेकंद, आणि तुम्ही बघताय वीस नॅनोसेकंद.

आता पीमॉसची रुंदी १ करून बघा, मग ४. आउट खाली पडण्याची जागा डावी-उजवीकडे कशी सरकते ते बघण्यात जी मजा आहे ती फळ्यावरच्या समीकरणात नाही. कॉर्नर सिम्बॉलमध्ये टीटीच्या (सर्वसाधारण ट्रान्झिस्टर) जागी एसएस (हळू) किंवा एफएफ (जलद) टाकूनही हेच करून बघा.

### ११. कॉलेजच्या लॅबमध्ये गेल्यावर

केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात असलेल्या संस्थांना सी-डॅक बंगळूरच्या चिपइन केंद्रामार्फत व्यावसायिक टूल्स वापरायला मिळतात. तुमच्या कॉलेजला ती सोय आहे का, हे विभागात सरळ विचारा. व्हर्चुओसोमध्ये बटणं थोडी वेगळी, पण कल्पना हीच. तिथे 'चेक अँड सेव्ह' नावाची सोय मोकळ्या पिना स्वतःच दाखवते, तिचे इशारे बंद करून पुढे जाऊ नका. आणि लॅबमधला कुठल्याही फाउंड्रीचा पीडीके, त्याची मॉडेल फाइल किंवा तिचा स्क्रीनशॉट गिटहबवर किंवा ग्रुपवर टाकू नका. त्यावर कॉलेजने सही केलेली असते. खुल्या पीडीकेचं काम मात्र खुशाल टाका.

### १२. मदत मागताना

स्क्रीनचा मोबाइलने तिरका फोटो काढून "सर, चालत नाही" असं पाठवू नका. नेटलिस्टची फाइल, एनजीस्पाइसच्या खिडकीतला पहिला एरर मजकूर म्हणून, आणि स्किमॅटिकची फाइल, या तीन गोष्टी पाठवा. पहिला एरर, शेवटचा नाही. खालचे दहा एरर बहुतेकदा वरच्या एकाचीच पिलावळ असतात.